आवाज ओळखायला एक पावसाळा लागतो

दिवाळी झाली, भात कापून झालं, की घाटावरून धनगर माणगावच्या बाजूला उतरतात. मोकळ्या खाचरांत रात्री मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. माझी नोकरी त्या भागात होती तेव्हा एका वर्षी आरोग्य उपकेंद्रासमोर दोन वाडे, म्हणजे धनगरांचे तळ, शेजारी-शेजारी उतरले होते. संध्याकाळी दोन्हींची मेंढरं एकाच वेळी ओढ्यावर पाण्याला आली. सगळी सारखीच मातकट. आता ही वेगळी कशी करणार, म्हणून मी मुद्दाम दारात उभी राहिले. एका म्हाताऱ्या धनगरानं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला आणि चालायला लागला. मागे वळूनही बघितलं नाही. निम्मी मेंढरं पाण्यातून तोंड काढून त्याच्यामागे निघाली, निम्मी तशीच पीत राहिली.

मी त्याला विचारलं, "बाबा, नवीन विकत घेतलेलं असलं तर?"

"ते नाय येत लगेच. आठ-पंधरा दिस पाण्यावर न्यावं लागतंय, बाई. मग वळखतं."

योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचताना मला अजून तो ओढाच दिसतो. मेंढरं आपल्या मेंढपाळाची वाणी ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, असं येशू तिथं सांगतो. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नव्यानं येणारी मुलंमुली मला विचारतात, "मावशी, खरा पाळक, खरा धर्मगुरू कोण, ते आम्हाला कसं कळणार? नाव तर सगळेच येशूचं घेतात." मी त्यांना धनगराचंच उत्तर देते. लगेच कळत नाही. आणि लगेच कळलं नाही म्हणून तुमचा विश्वास कच्चा आहे, असं कुणी म्हणालं, तर तिथेच कान टवकारा.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. माहेर नगरचं, चर्चच्या आवारात वाढले, ३१ वर्षं सरकारी परिचारिका होते, आता श्रीवर्धनला असते. संडे स्कूल घेते, मंडळीच्या पंचांमध्ये बसते. पण पाळक म्हणवणारी माणसं मी व्यासपीठासमोर बसून जितकी पाहिली, त्याहून जास्त खाटेच्या बाजूला उभी राहून पाहिली आहेत. तिथून वेगळंच दिसतं. पुढे लिहिलंय ते त्या जागेवरून.

आधी मूळ आवाज

माणसाचा आवाज पारखायला बसण्याआधी ज्याच्या आवाजाशी तो ताडून बघायचा, तो आवाज कानात बसला पाहिजे. म्हणून पहिलं काम घरी करायचं. मार्कापासून सुरुवात करा. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं ते सगळ्यांत लहान, १६ अध्याय, रोज एक वाचला तरी सोळा दिवसांत संपतं. मोठ्यानं वाचा. येशू कुणाशी कसं बोलतो त्याकडे लक्ष ठेवा. आंधळ्या बार्तीमयाला तो विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं?" हा आंधळा आहे हे समोर दिसत असूनही विचारतो. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो, तेव्हा त्याच्यामागे धावत नाही, अटी सैल करत नाही, शापही देत नाही. हा सूर एकदा कानात बसला की पुढची निम्मी कामं सोपी होतात.

मग योहान १०. आणि त्याच्या जोडीला जुन्या करारातला यहेज्केल ३४. हा अध्याय नवीन माणसाला कुणी सहसा वाचायला देत नाही, का ते वाचल्यावर कळेल. देव तिथं मेंढपाळांवरच खवळला आहे. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पण कळप चारत नाही. दुबळ्याला बळ दिलं नाही, आजाऱ्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, चुकलेल्याला शोधलं नाही. मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला हसूच आलं. हा तर वॉर्डचा राउंड आहे! कुणाला काय झालंय, त्याला काय दिलं, का नाही दिलं. देव मेट्रनसारखा हजेरी घेतोय.

वाचन आपल्या भाषेत करा. घरी मालवणी, कोळी किंवा सामवेदी बोलत असाल तर प्रार्थना त्याच बोलीत करा, देवाला चालते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. इंग्लंडचा माणूस, पण इथली भाषा इतकी आपलीशी केली की ख्रिस्ताची कथा त्यांनी मराठी ओव्यांत रचली. १६१६ मध्ये ते 'ख्रिस्तपुराण' साष्टीतल्या राचोलला छापलं गेलं. मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला उतरले, ते आधी आमच्या शेजारच्या हर्णैला राहून मराठी शिकले. कळपाची भाषा शिकायचे कष्ट मेंढपाळानं घ्यायचे असतात. तुम्हाला न कळणारी भाषा बोलून 'हीच आत्म्याची भाषा' असं म्हणून कुणी तुम्हाला गप्प बसवत असेल, तर प्रेषित पौलानंच करिंथच्या मंडळीला बजावलंय ते आठवा: अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प बसावं.

एक पावसाळा जाऊ द्या

कोकणात घर घेताना उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. छपराची शाकारणी कशी झालीय ते जुलैत कळतं. मंडळीचंही तसंच. नवीन ठिकाणी गेलात की मागच्या बाकावर बसा. गाणी म्हणा, प्रार्थना करा, चहा प्या, ओळखी वाढवा. पण नावनोंदणी, बाप्तिस्मा, कामाची जबाबदारी, दशमांशाचं वचन, या कशाचीच घाई करू नका. पाच-सहा महिने तरी नुसतं राहा.

खरा पाळक ही सवड आपण होऊन देतो. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला स्नानसंस्कार हवा असेल तर महिनोन्‌महिने शिकवणीचे वर्ग होतात आणि बहुतेक वेळा संस्कार इस्टरच्या आदल्या रात्री होतो. आमच्याकडेही बाप्तिस्म्याआधी वर्ग असतात. "पुढच्या रविवारी घ्या, उद्याचा भरवसा काय" असं म्हणणारा माणूस तुमच्या आत्म्यासाठी घाई करतोय की स्वतःच्या आकड्यासाठी, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बाप्तिस्म्याच्या बदल्यात नोकरी, पैसे, मुलाची फी असं काही कुणी पुढे केलं तर विचारायचीही गरज नाही, चपला घाला.

कवी नारायण वामन टिळक हे आमच्या कोकणातले, दापोलीजवळच्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेले. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबानं त्यांना नवा करार दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला आणि उतरून गेला. पत्ता मागितला नाही, सभेला बोलावलं नाही. टिळक वाचत राहिले, डोंगरावरच्या प्रवचनाशी अडखळले, भांडले, पत्रव्यवहार केला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर त्यानंतर आणखी पाच वर्षं घेतली. त्या साहेबाचं भाकीत खरं ठरलं याचं लोकांना कौतुक वाटतं. मला कौतुक वाटतं ते त्याच्या उतरून जाण्याचं.

संदेश ऐकताना बायबल उघडं ठेवा

बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं बोलणं आवडीनं ऐकलं आणि रोज शास्त्र उघडून तपासलं, खरंच असं आहे का ते. पौलाला राग आला नाही. प्रेषितांच्या कृत्यांत त्या लोकांना चक्क थोर मनाचे म्हटलं आहे. तेव्हा संदेशात वचन आलं की संदर्भ टिपून घ्या आणि घरी जाऊन आधीच्या दहा ओळी, नंतरच्या दहा ओळी वाचा. वचन मधूनच उचललेलं असेल तर तिथेच सापडतं. एकदा चुकीचं सापडलं म्हणून लगेच गाव गोळा करू नका, मीही वर्गात चुकते. बाजूला जाऊन विचारा. "पाळकसाहेब, मला हे असं वाटलं, तुम्ही कसं घेता?" त्यांच्या तोंडून येणारं वाक्य महत्त्वाचं. "बघतो, बरं विचारलंत" हे एक उत्तर. "अभिषिक्ताला प्रश्न विचारायचा नसतो" हे दुसरं. पहिलं उत्तर देणाऱ्याचं अक्षर चुकलं तरी त्याच्याकडे टिका. दुसऱ्याचं सगळं बरोबर असलं तरी बाक बदला.

त्याच्या वरती कोण आहे तेही विचारून घ्या. फादरच्या वर बिशप असतात. मोठ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकाची बदली होते, पंच असतात, वार्षिक सभा असते. यानं सगळं ठीक होतं असं नाही, तिथंही काय काय होतं ते आपण जाणतो. पण निदान दाद मागायला दार असतं. स्वतंत्र मंडळी असेल, घराच्या हॉलमध्ये भरत असेल, तर ती वाईट असं अजिबात नाही, आमचीही एकेकाळी तशीच होती. फक्त विचारा, "तुमचं चुकलं तर तुम्हाला सांगणारा कोण?" अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा पौलानं तोंडावर सांगितलं. खुद्द पेत्राला सांगणारा माणूस होता. "मला फक्त प्रभू सांगतो" हे उत्तर मी आजवर तीन जणांकडून ऐकलंय. तिघांचंही पुढे काय झालं ते इथं लिहीत नाही.

बोट कुठं दाखवतो

मला विचाराल तर सगळ्यांत मोठी खूण ही. बाकी विसरलात तरी शमुवेलाची गोष्ट विसरू नका. लहान मुलगा मंदिरात झोपलाय. रात्री हाक येते. तो धावत म्हाताऱ्या एली याजकाकडे जातो, "मी आलो, तुम्ही हाक मारली ना?" एली म्हणतो, नाही रे, जाऊन झोप. असं तीनदा. मुलाला आवाज ओळखता येत नाही आणि शास्त्र त्याला त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. तेव्हा परमेश्वराची त्याला अजून ओळख नव्हती, एवढंच सांगतं.

आता एलीकडे बघा. हा काही आदर्श याजक नव्हता. त्याचे मुलगे अर्पणाच्या हंड्यात त्रिशूळी काटा खुपसून मांस लुटत होते आणि यानं त्यांना धड आवरलं नव्हतं. डोळे गेलेले, नाव खराब झालेलं. असा माणूस, आणि समोर एक मुलगा उभा, जो त्याच्याच आवाजाला देवाचा आवाज समजतोय! केवढा मोह. "हो, मीच हाक मारली, बस इथं" असं म्हणायला काय लागलं असतं? पण तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं मुलाला परत पाठवलं. पुन्हा हाक आली तर म्हण, बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकतोय. आणि स्वतः अंधारात पडून राहिला. सकाळी जो निरोप आला तो त्याच्याच घराण्याविरुद्ध होता. तोही त्यानं शमुवेलाकडून पूर्ण वदवून घेतला, "परमेश्वरच आहे तो, त्याला बरं दिसेल ते करो" म्हणाला.

मी पाहिलेल्या बऱ्याच पाळकांत एलीएवढा प्रामाणिकपणाही नव्हता. तेव्हा ऐकताना एवढंच बघा, हा माणूस तुम्हाला परत पाठवतो की जवळ बसवून घेतो. सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः जास्त वाचायला लागलात का, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला लागलात का, शेजारणीशी अबोला होता तो सुटला का? की लग्न ठरवताना, नोकरी बदलताना, होडी विकत घेताना, दर गोष्टीला "साहेबांना विचारून सांगतो" असं तोंडात बसलंय? दुसरं असेल तर तुम्ही येशूच्या नाही, साहेबांच्या वाड्यात आहात.

पैसा

इथं संकोच नको. आपल्याकडे देवाच्या कामाचा हिशेब विचारणं वाईट दिसतं असं मानतात. पौलाला तसं वाटत नव्हतं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली तेव्हा ती न्यायला त्यानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेली माणसं दिली, आणि कारणही लिहून ठेवलं: प्रभूपुढेच नाही, माणसांपुढेही चोख असावं.

म्हणून या गोष्टी बघा. दानपेटी किती जण मिळून मोजतात. वार्षिक हिशेब वाचून दाखवतात का. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते आणि हिशेब तपासून घ्यावा लागतो. नोंदणी क्रमांक विचारला तर सांगता आला पाहिजे. आणि हल्ली सगळ्यांत सोपी तपासणी म्हणजे भिंतीवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करा. रक्कम टाकण्याआधी मोबाइलवर खात्याचं नाव येतं. मंडळीचं आलं तर ठीक. पाळकाच्या बायकोचं आलं तर पैसे न टाकता मोबाइल खिशात घाला आणि पंचांना विचारा.

पाळकालाही पोट आहे, हे मात्र विसरू नका. कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, हेही वचनच आहे. आमच्याकडचे एक पाळक कित्येक वर्षं फाटक्या छत्रीनं फिरले आणि आम्ही त्याला साधेपणा म्हणत राहिलो. ती आमची लाज होती. मानधन घेणं वेगळं, आशीर्वादाला दर लावणं वेगळं. संदेष्टा अलीशानं नामान सेनापतीचा कोड गेल्यावर त्यानं दिलेली भेटवस्तू घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी मागून धावला, खोटं बोलला, दोन पोती चांदी आणि दोन पोशाख घेऊन आला. प्रार्थनेनंतर दाराशी भेटून हळूच "देवाच्या कामात काही बीज पेरायचं असेल तर" असं म्हणून पैसे सुचवणारा दिसला, की मला गेहजीच्या पावलांचा आवाज येतो.

औषध

इथं मी मंडळीतली मावशी नाही, परिचारिका म्हणून बोलते.

एका वर्षी पावसात रात्री एका बाईला झोळीतून आणलं. फिट्स थांबत नव्हत्या. तिच्या गोळ्या व्यवस्थित चालू होत्या, दोन वर्षं काही त्रास नव्हता. बाहेरगावच्या एका प्रचारकानं सभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तू बरी झालीस, आता गोळी खाल्लीस तर तो अविश्वास. तिनं गोळ्या विहिरीत टाकल्या. वाचली ती, पण आठवड्यानं. तिच्या नवऱ्यानं त्या माणसाला फोन केला तर उत्तर आलं की तिचाच विश्वास कमी पडला. मला त्या फिट्सपेक्षा त्या उत्तराचा जास्त राग आहे.

फिटची गोळी अचानक सोडली तर असंच होतं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांनी ते बंद केलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. क्षयाचं औषध मध्येच सोडलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि घरातल्या लेकरांनाही तोच लागतो. प्रार्थनेनं माणसं बरी होतात का? होतात, मी पाहिलंय, आणि डॉक्टरांना कारण सांगता आलेलं नाही असंही पाहिलंय. पण येशूनं कोडी माणसाला बरं केल्यावर काय सांगितलं? जा, याजकाला दाखव. त्या काळात कोड गेलाय की नाही ते ठरवायचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे आजच्या भाषेत, जा, तपासून घे! ज्याला बरं केल्याची खात्री आहे तो तपासणीला घाबरत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि पौलाबरोबर फिरत होता.

खरा पाळक खाटेशी येतो, तेल लावून प्रार्थना करतो, आणि जाताना मला विचारतो, "सिस्टर, गोळ्या वेळेवर घेतायत ना?" याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं असं आहे, तेही एकट्याला नाही, अनेकांना. स्टेडियम तिथं नाही.

आणखी एक नियम मी रुग्णालयातून आणलाय. बाईची तपासणी करताना तिसरं माणूस खोलीत हवंच. प्रार्थनेलाही तेच. बाईला, मुलाला, मुलीला एकट्यानं बंद दाराआड 'सुटकेची प्रार्थना', म्हणजे बाधा घालवायची प्रार्थना, कुणीही, कितीही मोठ्या नावाच्या माणसानं करायची नाही. दार उघडं ठेवा म्हटल्यावर जो दुखावतो, त्याच्यासाठीच तो नियम आहे.

भीती आणि भाकितं

कोकणात घरोघर करणी, देवस्की, बाधा यांची धास्ती असते. ती घेऊनच पुष्कळ जण मंडळीत येतात. त्यांना मोकळं करायचं सोडून काही जण तीच भीती नव्या वेष्टनात परत देतात. भगत म्हणायचा तुझ्यावर कुणीतरी केलंय, हा म्हणतो तुझ्या घराण्यावर शाप आहे. तो कोंबडा मागायचा, हा २१ दिवसांची उपवास-प्रार्थना आणि तेलाची बाटली सांगतो. मग तुम्ही नक्की कुठून निघून कुठं आलात? उत्तम मेंढपाळाचा आवाज घाबरलेल्याला सांगतो, भिऊ नको. देवदूतांचं निम्मं बोलणं तिथूनच सुरू होतं. आणि हो, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मंत्र कुठल्या धर्माचा, ते कायदा बघत नाही.

भाकितांबद्दल थोडक्यात. अहाब राजापुढे चारशे संदेष्टे एका सुरात म्हणाले, चढाई कर, जिंकशील. एकटा मीखाया नाही म्हणाला. राजा त्याच्याबद्दल काय म्हणायचा? हा माझ्याबद्दल कधी चांगलं बोलतच नाही! अहाब त्या लढाईतून परत आला नाही. दर रविवारी तुम्हाला गाडी, व्हिसा आणि बढतीच दिसत असेल तर हा चारशेतला एक असू शकतो. पौलाचा सल्ला मध्यम मार्गाचा आहे: भाकितं तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून बघा, चांगलं ते धरा. मी तारीख घालून वहीत लिहून ठेवते. वर्षानं वही उघडली की पुष्कळ गोष्टी आपोआप निकालात निघतात.

लांडगा आल्यावर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, पलीकडे दापोली-मंडणगड, सगळीकडे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. त्यात कोरोना. आदल्या दिवशी एका प्रचारकाचा व्हिडिओ फिरत होता, वादळाला येशूच्या नावानं परतवलंय म्हणून. पुढचे दोन महिने त्याचा पत्ता नव्हता.

आमचे पाळक तिसऱ्या दिवशी आले. बोलायला ते फार चांगले नाहीत. संदेश वाचून दाखवतात, मध्ये चष्मा शोधतात, गाण्याचा सूर हमखास चुकवतात. झाडं पडून रस्ता बंद होता, म्हणून मोटारसायकल वाटेत ठेवून चालत आले. पाठीवर ताडपत्री, हातात सुंभाचं भेंडोळं. आधी शेजारच्या कोळणीच्या घरावर ताडपत्री बांधली, ती आमच्या मंडळीतली नाही. मग आमच्या आजींच्या. मग म्हणाले, आता प्रार्थना करू, आणि दोन वाक्यांची प्रार्थना केली, कारण दमले होते. येशू म्हणतो, भाडोत्री माणूस लांडगा दिसताच मेंढरं सोडून पळतो. जो पळत नाही तो कोण, ते ओळखायला मला त्या दिवशी बायबल उघडावं लागलं नाही.

दरवर्षी वादळ येत नाही. पण कुणाच्या घरी मयत होते, कुणाची होडी बुडते, कुणाचा मुलगा पोलीस स्टेशनात असतो. तेव्हा कोण येतं आणि आल्यावर काय करतं, त्याकडे लक्ष ठेवा. आणि आणखी एक, ज्यांच्याकडून काही मिळण्यासारखं नाही त्यांच्याशी तो कसा बोलतो. झाडूवालीशी, विधवेशी, स्वतःच्या बायकोशी. तीमथ्याच्या पत्रात अट आहे की अध्यक्षाचं बाहेरच्या लोकांतही नाव चांगलं असावं. म्हणजे नाक्यावरच्या किराणावाल्याला विचारायला हरकत नाही. उधारीची वही फार प्रामाणिक असते.

मोबाइलवरच्या प्रवचनांबद्दल वेगळं काय लिहू? ऐका, मीही भाकऱ्या थापताना ऐकते, काही फार चांगली असतात. पण मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो असं योहानात आहे. यूट्यूबवरच्या माणसाला तुमचं नाव ठाऊक नाही. तुमच्या आईच्या मयताला तो येणार नाही.

चुकीच्या वाड्यात असाल तर

हे वाचता वाचता काहींना आपलाच पाळक दिसू लागला असेल. थांबा जरा. चिडका आहे, विसरतो, मीटिंगला उशिरा येतो, राजकारणावर फार बोलतो, हे दोष आहेत. त्यानं माणूस लांडगा होत नाही. पैशाची लपवाछपवी, बायका-मुलांशी गैरवर्तन, औषधं सोडायला लावणं, पापनिवेदनात किंवा खाजगीत सांगितलेलं व्यासपीठावरून उघड करणं, घरच्यांशी संबंध तोडायला लावणं, हे मात्र दोषांच्या यादीत मोजू नका. पहिल्या प्रकारात मत्तय १८ प्रमाणे एकट्यानं जाऊन बोला, मग दोघातिघांना घेऊन. गुन्हा घडला असेल तर आधी पोलीस. अत्याचार लहान मुलावर झाला असेल तर तो आतल्या आत मिटवायचा अधिकार पंचांना नाही आणि पाळकालाही नाही. कळलं असूनही न कळवणं हाही पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे.

निघताना भांडू नका, स्पष्टीकरणाचं लांबलचक पत्र लिहू नका. व्हॉट्सॲप ग्रुप सोडा, तुमच्याकडे मंडळीच्या किल्ल्या-वह्या असतील तर पोच घेऊन द्या, दरमहा खात्यातून आपोआप जाणारे पैसे बँकेत सांगून बंद करा. "बाहेर गेलात तर संरक्षणाचं छत्र जाईल" असं सांगणारे फोन येतील. एकदा ऐकून घ्या, दुसऱ्यांदा उचलू नका. नंतर काही महिने कुठल्याच पाळकाचा आवाज सहन होत नाही, तेही मला माहीत आहे. तेव्हा फक्त स्तोत्र २३ वाचा. त्यात मेंढपाळ एकच आहे आणि तो माणूस नाही.

आमच्याकडे यायचं असेल तर उपासना रविवारी साडेनऊला असते, सुरू पावणेदहाला होते. मागचा बाक पंख्याखाली आहे, तोच घ्या. बायबल आणा. पाकीट घरी राहिलं तरी चालेल, चहा मंडळीकडून असतो. पाळकसाहेब दाराशी तुमचं नाव विचारतील, आणि पुढच्या रविवारी परत विचारतील, कारण विसरतात. तिसऱ्या रविवारी मात्र बरोबर घेतात.